खैरूनचाचीच्या कॅसेटी

कुणाच्याही घरी गेलो की मी आधी भिंतीवरचा बोर्ड बघतो, माणसं नंतर. पुतण्यासाठी मुलगी बघायला रिसोडला गेलो होतो, तेव्हा सगळे सोफ्यावर बसले आणि मी टीव्हीच्या मागे वाकलो. एकाच प्लगपॉइंटात तीन वायरी कोंबून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, "हे जळते बरं एखाद्या दिवशी." मुलीचे वडील माझ्याकडे पाहतच राहिले. ते लग्न जमलं नाही. कारण वेगळंच होतं हे नंतर कळलं, पण आमच्या घरात ते अजून माझ्याच नावावर आहे.

वाशिमला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. टेपरेकॉर्डर, टीव्ही, व्हीसीआर दुरुस्त करत करत मी लोकांच्या घरी रिसीव्हर जोडून द्यायला लागलो आणि त्याच कामात म्हातारा झालो. आता दुकानाच्या पुढच्या भागात भाचा मोबाइलची कव्हरं विकतो आणि मागच्या टेबलावर माझी सोल्डरिंग गन, तापवायला कुणी येईल याची वाट बघत पडलेली असते. काम कमी झालंय. हल्ली टीव्हीखाली एक लांब पट्टी ठेवतात, तिला एकच वायर, झालं घर थिएटर. मला घरी बसवत नाही. फोन आला की पिशवी उचलतो आणि निघतो. नाही आला तर उगाच बसस्टँडवर चक्कर मारून येतो, कोणती गाडी कुठे लागली ते बघत.

रिसीव्हर म्हणजे काय, हे मला प्रत्येक घरात नव्यानं सांगावं लागतं. दिसायला काळा, जड डबा. टीव्ही, सीडी, टेप, रेडिओ, घरातले सगळे आवाज त्याच्यात येतात. त्यातला एक निवडायचा, मोठा करायचा आणि स्पीकरांना द्यायचा, एवढं त्याचं काम. समोरून एक मोठं गोल बटण आणि चार दिवे दिसतात. खरं काय ते पाठीमागे. तिथे लाल-पांढऱ्या भोकांच्या रांगा असतात, काहींवर 'इन' लिहिलेलं, काहींवर 'आउट'. आवाज ज्या यंत्रातून निघतो त्याच्या 'आउट'मधून वायर काढून रिसीव्हरच्या 'इन'मध्ये घालायची. रेकॉर्ड करायचं असेल तर रिसीव्हरच्या 'रेक आउट'मधून निघायचं आणि रेकॉर्डरच्या 'इन'मध्ये शिरायचं. याच्यापलीकडे त्यात काही नाही. पण माणूस वायर हातात धरून त्या भिंतीसमोर उकिडवा बसला की त्याला घाम फुटतो आणि तो 'इन'ला 'इन' जोडतो, सारखी अक्षरं दिसली म्हणून.

जुन्या रिसीव्हरांच्या पाठीला विजेचाही एखादा प्लगपॉइंट असायचा. कॅसेट वाजवायचा टेपडेक तिथे लावायचा, म्हणजे रिसीव्हर चालू केला की डेकही चालू. केनवडच्या एका किराणावाल्याच्या घरी मी असं सगळं नीट जोडून आलो. काही महिन्यांनी निरोप आला, डब्यातून धूर निघाला. जाऊन बघतो तर त्या पॉइंटात मिक्सरची पिन. घर लहान, मधल्या खोलीला लागूनच चूल. काकू म्हणाल्या, "दुसरा बोर्ड दूर पडते ना भाऊ." मिक्सर चालायला रिसीव्हर चालू लागे, म्हणून चटणी वाटायची तर आधी रेडिओ लावायचा, असा त्या घरात नेमच झाला होता. शेजारीण दारातून सांगत होती, "यायच्या घरी बातम्या लागल्या का आमी समजो, आज ठेचा हाये." मला हसू आवरेना. टेपडेकच्या वाटेला आलेल्या पॉइंटावर बिचाऱ्या त्या डब्यानं शेंगदाणे दळून दिले होते, जितके दिवस जमलं तितके.

आसेगावच्या भजनी मंडळाची तक्रार निराळी होती. त्यांनी रेकॉर्डर स्वतःच जोडला, आणि रेकॉर्डरमधून निघालेला आवाज रिसीव्हरच्या दुसऱ्याच भोकात परत घातला. म्हणजे आवाज रिसीव्हरमधून रेकॉर्डरमध्ये, तिथून पुन्हा रिसीव्हरमध्ये, असा गोल फिरत राहिला. तो असा फिरला की वाढत वाढत किंचाळतो. मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, "गाणारे आमी, मंग शिट्टी कोण मारून राह्यलं?" एक वायर काढली, शिट्टी थांबली. अध्यक्षांना ते फार सोपं वाटलं, म्हणून थोडं वाईटही वाटलं असावं. त्यांनी मला चहा पाजून लगेच वाटेला लावलं.

पण ज्या कामामुळे हे लिहायला घेतलं, ते मंगरूळपीरचं.

शबाना नावाच्या मुलीचा फोन आला. ती अकोल्याला शाळेत शिकवते. म्हणाली, "काका, आमच्या घरी रिसीव्हर आहे. त्याला जुना टेपडेक जोडून काही कॅसेटी उतरवून घ्यायच्या आहेत. अम्मीच्या आहेत, खराब होत चालल्यात." मग म्हणाली, "अब्बांना तुम्ही ओळखत असाल. हनीफचाचा. धान्यबाजारातले."

हनीफचाचांना कोण ओळखत नव्हतं! मंगरूळच्या बाजारात ते एका अडत्याकडे लिलाव पुकारायचे. सोयाबीनच्या ढिगाला पाय लावून उभे राहायचे आणि बोली सुरू करायचे. तो आवाज बाजाराच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीपर्यंत यायचा, आणि टपरीवरचा माणूस आपल्या मालाची बोली आली हे तिथे बसून ओळखायचा. मग चाचांना गळ्याचा आजार झाला. नागपुरात डॉक्टरांनी जीव वाचवला, पण त्यासाठी आवाजाची पेटीच काढावी लागली. आता त्यांच्या गळ्याला समोर एक भोक आहे, त्यावर पातळ सुती कापड बांधलेलं असतं, आणि श्वास तिथूनच येतो-जातो. बोलणं बंद. काही सांगायचं असलं की बोटातली चांदीची अंगठी खाटेवर, दारावर, जे जवळ असेल त्यावर टकटक वाजवायची आणि हातवारे करायचे.

घर एकदम मुकं झालं, म्हणून शबानानं तो रिसीव्हर आणि उंच स्पीकर आणले होते. कव्वाली, क्रिकेट, काहीतरी वाजत राहावं. चाचांनी ते कधी लावलं नव्हतं.

मी गेलो तेव्हा खैरूनचाची दारातच भेटली. ठेंगणी, तुरतुर चालणारी बाई. म्हणाली, "भाऊ, पहिले याचं पाहा. हा डब्बा चावते."

"चावते म्हंजे?"

"पुसाले हात लावला का झिणझिण्या येतात."

टेस्टर लावला, तर डब्याच्या नुसत्या पत्र्यावर दिवा पेटला. पिन बघितली. तिला तीन पाय असायला हवेत. तिसरा, जाड पाय कुणीतरी करवतीनं कापून टाकला होता, कारण बोर्डाला भोकं दोनच होती. बरं, बोर्ड बदलून भागणार नव्हतं. त्या अख्ख्या घराला अर्थिंगच नव्हतं. पत्र्यावर आलेली वीज जमिनीत जायला वाटच नाही, म्हणून ती हात लावणाऱ्याच्या अंगातून जाऊ पाहत होती.

मी पिन काढून ठेवली. म्हटलं, "आज जोडत नाई, चाची."

"काहून?"

"आता एकटा डब्बा चावते. टेप अन् रेकॉर्डर त्याले वायरीनं जोडले का ते बी चावतीन. अन् कॅसेटीत सारखी घूंऽऽ अशी घरघर येईन. पहिले आंगणात खड्डा करून अर्थिंग घ्या लागते."

चाचीचा चेहरा उतरला. तेवढ्यात दारावर टकटक झाली. चाचा उभे होते. त्यांनी माझं बोलणं ऐकलं असावं. ते मागे गेले आणि खणायची सब्बल घेऊन आले. अंगणात मोरीच्या कडेला जागा दाखवून त्यांनी मला भुवया उंचावून विचारलं. मी मान हलवली आणि त्यांनी पहिला घाव घातला.

मी पुढे झालो, तर त्यांनी मला कोपरानं बाजूला केलं. गळ्यावरचं कापड प्रत्येक श्वासाला आत-बाहेर होत होतं, शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. चाची ओरडत होती, "बस करा, दम लागन!" ते थांबले नाहीत. आपल्या बायकोला चावणारी वस्तू घरात आहे, एवढंच त्यांना कळलं होतं, आणि त्यावर आपल्याला करता येण्यासारखं काहीतरी आहे, हे बहुतेक फार दिवसांनी. खड्डा झाला. मी त्यात पत्रा, कोळसा आणि जाडं मीठ घातलं, वायर आत घेतली, नवा बोर्ड बसवला. टेस्टरचा दिवा विझला. चाचांनी स्वतः डब्यावर तळहात ठेवून पाहिला, आणि मग चाचीचा हात धरून त्यावर ठेवला.

हे सगळं कशासाठी चाललंय, हे त्यांना ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. तसं नव्हतं.

पुढच्या खेपेला शबाना सुट्टी काढून आली होती. चाचा बाजारात गेले होते. काम नसलं तरी ते रोज तिथे जाऊन ओळखीच्या अडत्याच्या गादीवर बसून येत. चाचीनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आत कॅसेटी, प्रत्येक फडक्याच्या तुकड्यात गुंडाळलेली.

लग्नानंतर लवकरच चाचा कुवेतला ट्रक चालवायला गेले होते. शबाना झाली तेव्हाही तिथेच होते. चाचीला लिहिता-वाचता येत नव्हतं.

"चिठ्ठी आली का गल्लीतल्या मास्तरकडे जा लागे," चाची सांगू लागली. "ते मोठ्यानं वाचत. चार बाया ऐकत. मले लाज वाटे. मी सांगून धाडलं, चिठ्ठी नका लिहू, कायले लिहिता? मंग यायनं कॅसेट भरून धाडली. कोणी गावाकडे येणारा असला का त्याच्या हाती."

शबाना म्हणाली, "मी मोबाइलमध्ये अब्बांचा आवाज शोधला, काका. सगळे मोबाइल पाहिले. बाजारातला एकच व्हिडिओ सापडला. त्यात ट्रॅक्टरच ऐकू येतो."

मला समजलं, हे काम चुकवायचं नाही. डेकच्या तोंडात पहिली कॅसेट घातली. खरं तर डेक सरळ रेकॉर्डरला जोडून चाललं असतं, पण चाचीला मोठ्या स्पीकरवर ऐकायचं होतं, म्हणून डेक रिसीव्हरमध्ये आणि रिसीव्हरमधून रेकॉर्डर. हा रेकॉर्डर कॅसेटचा नाही, तळहाताएवढा, नव्या पद्धतीचा. त्याच्या काचेवर आवाजाबरोबर दोन उभ्या पट्ट्या वर-खाली होतात. त्या हलल्या की आवाज आत जातोय.

आधी खरखर आली. मग एक तरुण माणूस खोलीत बोलला.

"खैरून, मी बोलून राह्यलो. पहिले दरवाजा लाव."

चाची खरंच उठली आणि दाराकडे दोन पावलं गेली. मग स्वतःच हसली आणि पदरानं तोंड झाकून खाली बसली. शबानाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी पट्ट्यांकडे बघत राहिलो. माझं काम पट्ट्या बघायचं होतं.

आवाज मोठा होता. स्पीकर उंच, भिंती विटांच्या, दार उघडं. गल्लीतही ऐकू जात असणार. कॅसेटची थोडीच बाजू झाली होती तोच चाचा दारात आले. त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. आधी त्यांना कळलंच नाही. कोण आलंय घरात, अशा नजरेनं त्यांनी खोली धुंडाळली. मग कळलं. त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. ते सरळ भिंतीकडे गेले आणि त्यांनी बोर्डातल्या दोन्ही पिना उपसल्या.

"अब्बा!" शबाना ओरडली.

मी डेककडे झेपावलो. असा अचानक करंट गेला की डेकमधलं जड चाक स्वतःच्या वेगानं क्षणभर फिरतच राहतं आणि टेप पुढे ढकलतं. पण ती गुंडाळून घेणारं चाक मात्र तिथल्या तिथे थांबतं. मधली टेप रबराच्या चाकाभोवती गुंतते. मी झाकण उघडलं तेव्हा ती गुंतलेलीच होती, आणि जपून सोडवता सोडवता तुटली.

चाचा भिंतीवर अंगठी वाजवत होते. गळ्याकडे बोट, मग यंत्राकडे बोट, मग हात झटकून दाराकडे. चला, निघा. त्यांचा श्वास कापडातून फटफट येत होता.

चाची उठली. ती त्यांच्या छातीएवढी. म्हणाली, "त्या माह्या हायेत."

चाचांनी मान जोरानं हलवली.

"नाई कशा? तुमी मले धाडल्या होत्या. धाडलेली चीज कोणाची असते? घरात सारं तुमचं हाये, एवढा डब्बा माहा हाये. त्याले हात नाई लावायचा."

चाचा कोथिंबीर खाटेवर टाकून दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून.

मला तिथून निघायचं होतं. खरं सांगतो, मी पिशवीत पक्कडही टाकली होती. नवरा-बायकोच्या मध्ये बसून काम करायची सवय या धंद्यात होते, स्पीकर कुठे ठेवायचा यावरून घराघरात भांडणं बघितली आहेत. हे तसलं नव्हतं. शबाना म्हणाली, "काका, राहू द्या. नंतर बघू." चाची मात्र म्हणाली, "बसा. तुटली ते जोडा."

कॅसेटचे बारीक स्क्रू काढले, तुटलेली टोकं तिरपी कापून समोरासमोर आणली आणि पातळ चिकटपट्टी लावून कडा ब्लेडनं साफ केल्या. चाची माझ्या हातावर वाकून बघत होती.

"काय गेलं यातलं?"

"एखादा शब्द गेला असंन, चाची."

"कोनता?"

मी मान खाली घालून स्क्रू पिळत राहिलो.

"आता हळू लावा," ती म्हणाली. "त्यायले ऐकू जाऊ नका देऊ."

मग मी तिला ते सांगितलं, जे मी इतक्या घरांत सांगितलं आहे आणि जे कुणाला पटत नाही. रिसीव्हरचं मोठं गोल बटण फक्त स्पीकरांसाठी असतं. रेकॉर्डरकडे जाणारा आवाज त्या बटणाच्या आधीच वेगळा निघतो. बटण पार बंद करा, खोलीत चिटपाखराचाही आवाज नसू द्या, रेकॉर्डिंग पूर्ण होतं. पट्ट्या हलत राहतात.

"आवाज नाई अन् भरून राह्यलं? असं कसं?"

"होते, चाची. अन् तुमाले ऐकायचं असंन तर हे घ्या." मी पिशवीतून माझा हेडफोन काढला, रिसीव्हरच्या समोरच्या भोकात पिन घातली आणि तो तिच्या डोक्यावर, पदरावरूनच, बसवला. पिन घातली की स्पीकर आपोआप गप्प होतात.

डेक सुरू केला. खोली शांत. पट्ट्या उठल्या, बसल्या, उठल्या. चाची मांडी घालून बसली होती, डोळे मिटून. ओट्यावर चाचांची पाठ.

हेडफोन लावलेल्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतो ते कळत नाही. चाची अचानक ठणठणीत आवाजात म्हणाली, "हो, भेटला. हिरवा व्हता."

शबाना दचकली. मला वाटलं माझ्याशी बोलते. पण तिचे डोळे मिटलेलेच होते.

"नाई, रडत नाई मी," चाची म्हणाली. "कोनं सांगितलं तुमाले? लबाड हाये तो." मग हसली. मग थोडा वेळ नुसतं ऐकलं आणि म्हणाली, "दोनच हायेत अजून. खालचे."

ओट्यावरची पाठ वळली. चाचा दारातून आत बघत होते. ते समजायचा प्रयत्न करत होते, ती कोणाशी बोलते, काय विचारलं गेलंय. चाचीचे डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर जे होतं ते नव्या नवरीचं होतं, दुसरा शब्द मला सुचत नाही. चाचा उठले. हळूच आत आले. खाटेच्या कडेला टेकले आणि अंगठीनं खाटेच्या लाकडावर वाजवलं. तिला ऐकू गेलं नाही. त्यांनी तिच्या गुडघ्याला हात लावला.

चाचीनं डोळे उघडले आणि एका कानावरचा हेडफोन वर केला.

चाचांनी हाताचा पंजा फिरवला. काय?

"तुमी विचारून राह्यले," चाची म्हणाली, "पोरीले दात आले का."

चाचांनी शबानाकडे पाहिलं. ती तोंडावर ओढणी धरून बसली होती. त्यांनी चाचीला पुन्हा पंजा फिरवून दाखवला. मग?

"मंग म्हनता, तिले उन्हात नको नेत जाऊ. मंग म्हनता का ट्रक नवीन भेटला, त्याले गार हवा येते. खोटं बोलता. मले तवाबी समजलं व्हतं."

चाचांचे खांदे हलले. हसण्याचा आवाज आता त्यांना काढता येत नाही, फक्त कापड थरथरतं.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा मंदावला, डेकवरचा दिवा विझला. मी उडी मारून आधी डेकचं बटण दाबून टेप मोकळी केली, ती पुन्हा गुंतायला नको म्हणून. या वेळी वाचली. वळून बघतो तर चाची अजून हेडफोन लावून बोलतच होती.

"चाची, लाइट गेली," मी म्हटलं. "बंद हाये ते."

"मले मालूम हाये," ती म्हणाली, आणि चाचांकडे तोंड करून पुढे सुरू झाली. "मंग तुमी म्हनता, अठी कुवेतचं पानी खारं लागते. मंग मागून कोनीतरी हाक मारते, तुमी म्हनता, ठहर रे. मंग म्हनता का येताना तुह्यासाठी निळं कापड आनतो."

चाचांनी मान हलवली. नाही. अंगठी वाजवली.

"काय नाई? निळंच म्हटलं."

चाचा पुढे वाकले आणि त्यांनी ओठ हलवले. आवाज नाही, नुसते ओठ. सावकाश, पुन्हा एकदा. चाची त्यांच्या तोंडाकडे बघत होती, सुईत दोरा ओवताना बघतात तसं. मग तिनं कपाळाला हात लावला.

"हो हो. जांभळं म्हटलं व्हतं. निळं आनलं. जांभळं म्हटलं अन् निळं आनलं!"

दोघंही हसायला लागले. लाइट आली, पंखा फिरला, मी सवयीनं डेककडे हात नेला. चाचांनी माझ्याकडे न बघताच हात आडवा केला. थांबा. त्यांना चाचीला अजून काहीतरी सांगायचं होतं.

बाकीच्या कॅसेटी नंतरच्या फेऱ्यांत उतरल्या. एक बुरशीनं गेली होती, तिचं काही करता आलं नाही. बाकी शबानाच्या मोबाइलमध्ये आहेत. चाचांनी त्या अजून ऐकलेल्या नाहीत. स्पीकरवर लावायचं नाही, हे त्या घरात ठरलेलं आहे. हेडफोन मी तिथेच ठेवून आलो.

मध्यंतरी एका सकाळी मी दुकानात उगाच येरझारा घालत होतो. भाचा कंटाळून म्हणाला, "मामा, बसा ना एका जागी." तेवढ्यात काउंटरवर टकटक झाली. हनीफचाचा उभे होते, मंगरूळहून एसटीनं आलेले. त्यांनी कापडी पिशवीतून तो हेडफोन काढला, त्याच्या डाव्या बाजूवर बोट ठेवलं आणि हात हलवला. ही बाजू गेली. मी बसायला खुर्ची दिली, ते बसले नाहीत. चहा मागवू लागलो, त्यांनी हातानंच नको केलं. सोल्डरिंग गन तापेपर्यंत ते दारात आणि टेबलाजवळ असे फिरत होते. मला माझंच लक्षण दिसत होतं, म्हणून काही बोललो नाही.

डावीकडची वायर पिनेजवळ तुटली होती. रोज घालून-काढून तुटते तशी. जोडली. रेडिओला लावून हेडफोन त्यांच्यापुढे धरला, "पाहा, चाचा, ऐकून घ्या." त्यांनी तो माझ्याकडे सारला. तुमीच पाहा. मी कानाला लावला, दोन्ही बाजू ठणठणीत. म्हटलं, "चालू हाये."

त्यांनी तो माझ्या डोक्यावरून स्वतःच काढून घेतला, वायर घडी करून पिशवीत ठेवली, बसस्टँडवरच्या मंगरूळच्या गाडीकडे बोट दाखवलं आणि मग वर, भिंतीवरच्या घड्याळाकडे. चाची वाट बघत होती. मी काही म्हणायच्या आत ते गल्लीतून निघाले होते, गळ्यावरचं कापड एका हातानं धरून, जवळजवळ पळत.